औषध लिहिण्याआधी पुस्तक उघड

मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला गेलीस आणि फोनवर पहिला प्रश्न केलास, "ताई, फार्मॅकचं कोणतं पुस्तक घेऊ?" सीनियर एक नाव सांगतात, मॅडम दुसरं, आणि अप्पा बळवंत चौकातला दुकानदार तिसरंच पुस्तक हातात ठेवतो. घाईघाईत उत्तर द्यावं असा हा प्रश्न नव्हे, म्हणून जरा निवांत लिहिते आहे. अॅनाटॉमीचं पुस्तक परीक्षेनंतर कपाटात गेलं तरी पुष्कळांचं निभावतं. फार्मॅकची, म्हणजे औषधशास्त्राची, पुस्तकं मात्र प्रॅक्टिस करशील तोवर हाताशी लागतील. तेव्हा घेतानाच थोडा पुढचा विचार कर.

एक गोष्ट आधी मनात पक्की धर. काही पुस्तकं शिकायची असतात आणि काही बघायची. शिकायचं पुस्तक शांतपणे वाचायचं, त्यातून औषध शरीरात काय करतं ते समजून घ्यायचं. बघायचं पुस्तक पेशंट समोर असताना उघडायचं आणि हवी ती ओळ शोधून मिटायचं. हे दोन्ही वेगळं ठेवलंस की निम्मा गोंधळ संपला.

शिकण्यासाठी के. डी. त्रिपाठींचं पुस्तक, तुमच्या होस्टेलवरचं 'केडीटी', घेच. दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजात शिकवलेल्या प्राध्यापकांनी आपल्याकडचे आजार, आपल्याकडे मिळणारी औषधं आणि आपली परीक्षा डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिलंय. मलेरिया, क्षय, कुष्ठरोग ही प्रकरणं आपल्याला हवी तशी त्यात सापडतात. इथल्या ब्रँडची नावं आणि गोळीची ताकदही दिलेली असते. इंटर्नशिपला त्याचं मोल कळेल. लायब्ररीत सातोस्कर-भांडारकर दिसलं तर तेही हातात घे. डॉ. सातोस्कर मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे, म्हणजे केईएमच्या आवारातले. पॉप्युलर प्रकाशनानं काढलेल्या या पुस्तकावर आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर शिकले. आपल्या मातीतलं काम आहे ते, त्याची ओळख असू दे.

एखाद्या औषधाची क्रिया केडीटी दोनदा वाचूनही डोक्यात शिरली नाही, तर रँग अँड डेल उघड. हम्फ्री रँग आणि मॉरीन डेल यांचं हे पुस्तक १९८७ साली प्रथम आलं. रिसेप्टरला औषध चिकटतं म्हणजे नेमकं काय होतं, हे ते फार सुबक समजावतं. कॅट्झंग त्याहून दवाखान्याच्या जवळचं आहे. प्रत्येक विषय सुरू करताना आजार डोळ्यांपुढे उभा करतं आणि मग औषधाकडे वळतं. दोन्ही विकत घ्यायची गरज नाही. लायब्ररीत बसून हवं ते प्रकरण वाच.

आणि गुडमन-गिलमन. त्याच्या जाडीला घाबरू नकोस. ते सलग वाचायचं पुस्तकच नाही, ते शेवटच्या शंकेसाठी आहे. येल विद्यापीठातल्या लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन या दोन तरुण प्राध्यापकांनी १९४१ मध्ये ते काढलं. त्याच साली गिलमनना मुलगा झाला आणि मित्राच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं आल्फ्रेड गुडमन गिलमन. पुढे हाच मुलगा या पुस्तकाचा संपादक झाला आणि जी-प्रोटीनच्या शोधासाठी १९९४ च्या नोबेलचा मानकरीही. तुला व्हायवात जी-प्रोटीन विचारतील तेव्हा हे आठव. पुस्तक लिहिणं आणि शोध लावणं ही एकाच घरातली कामं होती. लिहिणाऱ्या माणसांनी स्वतः प्रयोगशाळेत हात घातले होते, म्हणून त्या पुस्तकाला वजन आहे.

आता पैशाचं बोलू. सेकंड हँड पुस्तकं घ्यावीत का? घे, पण काय शिळं होतं आणि काय टिकतं हे ओळखून घे. अॅट्रोपिन कोणत्या रिसेप्टरवर बसतं, हे दहा वर्षांपूर्वीच्या प्रतीतही बरोबर आहे. डोस, बंदी आणि उपचारांची पद्धत मात्र बदलत राहते. क्षयाच्या गोळ्या सरकारी कार्यक्रमात एक दिवसाआड द्यायचे, ती पद्धत २०१७ मध्ये देशभर बदलली आणि रोज गोळ्या सुरू झाल्या. जुन्या प्रतीत अजून दिवसाआडचाच तक्ता असेल. मेटफॉर्मिन द्यायचं की नाही हे पूर्वी क्रिएटिनिनच्या आकड्यावर ठरवत. आता मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारा ईजीएफआर बघतात, आणि तो ३० च्या खाली असेल तर देत नाहीत. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना देण्यावर आपल्याकडे २०११ मध्ये बंदी आली. त्याआधीची प्रत तुला हे सांगणारच नाही. म्हणून गुडमन-गिलमनची आधीची आवृत्ती स्वस्तात मिळाली तर खुशाल घे, पण डोस बघायचं पुस्तक ताजंच हवं.

बघायच्या पुस्तकांत पहिलं नाव नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडियाचं. गाझियाबादचा इंडियन फार्माकोपिया कमिशन ते काढतो. औषध कशासाठी, डोस किती, कोणाला देऊ नये, गरोदरपणात चालतं का, साठवायचं कसं, सगळं थोडक्यात दिलेलं असतं. आपल्या देशाचं आणि आपल्या औषधांचं पुस्तक असूनही फार थोडे लोक ते उघडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ब्रिटनचं बीएनएफ १९४९ पासून निघतंय आणि छापील प्रत वर्षातून दोनदा नवी होते. इतकी शिस्त दुसरीकडे क्वचित दिसते. मात्र ते तिथल्या बाजारासाठी आणि तिथल्या उपचारपद्धतीसाठी लिहिलेलं आहे, हे लक्षात ठेवून वाच. लहान मुलांसाठी त्याचीच वेगळी आवृत्ती आहे. स्तनपान करणाऱ्या बाईला औषध द्यायचं असेल तर अमेरिकेतल्या एनआयएचचं लॅक्टमेड बघ, ते फुकट आहे. आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांची यादी तर तोंडओळखीची असायलाच हवी. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. एवढ्या औषधांची नीट जाण असलेला डॉक्टर गावात पुष्कळ भलं करू शकतो.

इंडियन फार्माकोपिया मात्र डोससाठी उघडू नकोस. १९५५ पासून निघणारा हा ग्रंथ औषध शुद्ध आहे की नाही ते ठरवतो: कोणत्या कसोट्या लावायच्या, अशुद्धी किती चालेल, मापं काय. मुलांना वाटतं, हे फार्मसीवाल्यांचं काम, आपल्याला काय करायचंय? त्यांना १९८६ सालचं मुंबईचं जे. जे. रुग्णालय सांग. तिथं पेशंटना ग्लिसरॉल दिलं गेलं, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं होतं, आणि १४ माणसं दगावली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. आणि हे विष तोवर कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचं पातळ औषध याच रसायनात विरघळवून विकलं होतं आणि शंभरावर लोक मेले होते. पुस्तकात लिहिलेली कसोटी कुणी लावलीच नाही की काय होतं, ते जे. जे.च्या प्रकरणातून कळतं.

त्या १९३७ च्या प्रकरणाचा छडा लावणाऱ्या शिकागोच्या प्रयोगशाळेत एक तरुण विद्यार्थिनी काम करत होती, फ्रान्सिस केल्सी. १९६० मध्ये ती अमेरिकेच्या औषध प्रशासनात रुजू झाली आणि तिच्या टेबलावर थॅलिडोमाइडचा अर्ज आला. युरोपात ते औषध धडाक्यात खपत होतं, कंपनी घाई करत होती. केल्सी एकच म्हणत राहिली, पुरावा अपुरा आहे, आणखी माहिती द्या. १९६१ च्या अखेरीस जर्मनीत ते औषध मागे घेतलं गेलं. तोवर गरोदरपणी ते घेतलेल्या आयांच्या पोटी कितीतरी देशांत हातपाय नीट न वाढलेली हजारो बाळं जन्मली होती. अमेरिकेत तोवर ते बाजारात आलंच नव्हतं. फार्मॅक शिकलेली एक बाई पुरावा मागत राहिली आणि कितीतरी घरं वाचली. या विषयाला रटाळ म्हणणाऱ्यांना हे ऐकव.

म्हणूनच म्हणते, नवीन औषध कसं तयार होतं ते प्रकरण सोडू नकोस. मुलं 'फेजेस ऑफ क्लिनिकल ट्रायल' एवढी शॉर्ट नोट पाठ करून पुढे जातात. कॅट्झंगमध्ये, रँग अँड डेलमध्ये, गुडमन-गिलमनमध्ये त्यावर चांगली प्रकरणं आहेत. आपल्याकडचा कायदा समजायला २०१९ चे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे नियम बघ, आणि कुठली चाचणी खरंच नोंदलेली आहे का ते सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीत कुणालाही पाहता येतं. एक साधं गणित सांगते. तीन हजार लोकांना औषध दिलं आणि एखादा दुष्परिणाम एकालाही दिसला नाही, तरी तो हजारात एकाला होत असण्याची शक्यता उरतेच. म्हणजे बाजारात नुकत्याच आलेल्या औषधाबद्दल पुस्तकाला सगळं माहीत नसतं. रोफेकॉक्सिब १९९९ मध्ये मंजूर झालं आणि हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून २००४ मध्ये कंपनीनंच परत घेतलं. मधल्या पाच वर्षांत ते लाखो लोकांनी घेतलं होतं.

पुस्तकातली ही पोकळी तुझ्यासारख्या डॉक्टरांनी भरायची असते. पेशंटला औषधानं काही झालं अशी शंका आली तर एडीआरचा, म्हणजे दुष्परिणामाच्या नोंदीचा, फॉर्म भर. पेशंटची आद्याक्षरं, संशयित औषध, काय झालं आणि तुझं नाव एवढं मिळालं तरी नोंद होते. शंका पुरेशी आहे, खात्री लागत नाही. तुझ्या कॉलेजात अशा नोंदी घेणारं केंद्र नसेल तर १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री नंबर आहे. तू भरलेली नोंद उद्या कुठल्या तरी आवृत्तीतली एक ओळ होऊ शकते.

इंटर्नशिपला औषध कंपन्यांची एम.आर. मंडळी भेटतील. माणसं म्हणून त्यांचा मान ठेव, पण त्यांनी दिलेलं चकचकीत लिटरेचर हे पुस्तक नव्हे. 'धोका ५० टक्क्यांनी कमी' असं दिसलं की विचार, किती जणांतून किती? शंभरात दोघांचा एक झाला तरी ५० टक्केच म्हणतात. खाली बारीक अक्षरात संदर्भ दिलेला असतो, तो काढून वाच. पुष्कळदा त्यातच उत्तर मिळतं.

आणि आता सगळ्यात कळकळीचं. डोसची शंका आली तर आठवणीवर लिहू नकोस. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा देतात. 'रोज' असं चुकून लिहिलं गेलं तर अस्थिमज्जा निकामी होऊन माणूस जातो. रिफॅम्पिसिन घेणाऱ्या बाईला गर्भनिरोधक गोळ्या पुरेसं संरक्षण देत नाहीत. तिला ते कुणी सांगितलं नाही, तर क्षयाचा उपचार चालू असताना नको असलेला गर्भ राहतो आणि घरातले तिलाच बोल लावतात. हे सगळं छापलेलं आहे, फक्त बघायला हवं. पेशंटसमोर पुस्तक उघडायला लाजणारे डॉक्टर तू पुढे पाहशील. तू तशी होऊ नकोस. "थांबा, एकदा खात्री करते," असं म्हणणाऱ्या डॉक्टरवर लोक जास्त विश्वास टाकतात, हे मी रोज अनुभवते.

एक वही आजपासून कर. जागतिक आरोग्य संघटनेचं 'गाइड टू गुड प्रिस्क्रायबिंग' हे १९९४ चं छोटं पुस्तक फुकट मिळतं, ते आधी वाच. त्यात सांगितल्याप्रमाणे नेहमीच्या प्रत्येक आजारासाठी तुझं स्वतःचं औषध निवड: गुण येतो का, सुरक्षित आहे का, या पेशंटला चालेल का, परवडेल का. चार प्रश्न, चार ओळी, आणि शेजारी तारीख. दरवर्षी ती वही ताज्या फॉर्म्युलरीशी ताडून बघ. तिसऱ्या वर्षी ती वही तुझ्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कामाची होईल.

तेव्हा या आठवड्यात केडीटीची नवी प्रत घे, आणि लायब्ररीत नॅशनल फॉर्म्युलरी कुठे ठेवलीय ते बघून ये. नसेल तर मागवायला लाव. पुढे कितीही मोठी डॉक्टर झालीस, तरी शंका आली की पुस्तक उघडायचंच, एवढं माझं ऐक.