जागचा न हलणारा दगड

पोरी, उद्या तू पांढुर्ण्याहून गाडी धरशील आणि आठवड्याभरात क्रूझ जहाजावर थर्ड ऑफिसर म्हणून चढशील. खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या यायला अजून वर्षं आहेत. पण कॅप्टनचा दिवस कसा जातो ते तू काल विचारलंस आणि मी संत्र्याच्या कलमांवर बोलत राहिलो. ते मनाला लागलं, म्हणून आज सकाळी लिहायला बसलो. मालवाहू जहाजांवर माझी बरीच वर्षं गेली, शेवटची प्रवासी जहाजावर. जाम नदीकाठचा माणूस समुद्रात काय करतो, असं तिकडे पुष्कळांनी विचारलं. त्यांना सांगितलं नाही ते तुला सांगतो.

आजाचा दगड

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत पळसाचं झाड रोवलं जातं, पांढुर्णा त्या काठाला आणि सावरगाव ह्या काठाला उभं राहतं आणि गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, सुरू होते. तिने किती घरांना डोळे पुसायला लावले ते ह्या गावात सांगायला नको. आजा मला मागेच धरून ठेवायचा आणि म्हणायचा, "जो दगड डावी-उजवीकडे सरकताना दिसतो तो दुसऱ्याचा. जो जागच्या जागी नुसता मोठा होत जातो, तो तुझा. सरक." आजाला शाळा नव्हती. पुढे मी १९७२ चे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम पाठ केले, त्यातही तेच निघालं: दुसऱ्या जहाजाची होकायंत्रावरची दिशा बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल, तर टक्करीचा धोका आहे असं धर. बाकी सगळे कानमंत्र ह्याच एका दगडाचे आहेत.

पायलट आला म्हणून मान टाकू नको

क्रूझ जहाज बहुतेक पहाटे बंदरात शिरतं आणि संध्याकाळी निघतं. त्यामुळे कॅप्टनचा दिवस अंधारात सुरू होतो. दोरीच्या शिडीने बंदराचा पायलट चढून येतो. त्याला त्या बंदराचा गाळ, ओढ, वळणं तळहातासारखी माहीत. त्याला चहा दे, मान दे, त्याचं ऐक. पण तो सल्ला देतो, जहाज तुझंच असतं. पनामा कालव्यात तेवढा ताबा पायलटचा, बाकी जगात धक्क्याला घासलं तर सही तुझी. जहाज धक्क्याला लावताना ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीच्या, कडेला, पंखावर उभी राहा आणि खाली पाण्याकडे बघ. पडद्यावर आकडा उशिरा बदलतो, पाणी आधी सांगतं.

रोज एक फेरी, तीही खालच्या मजल्यांवर

वर झुंबरं आणि पियानो असतो. तुझं काम त्याच्या खाली. कपडे धुण्याची खोली, मुदपाकखाना, कर्मचाऱ्यांचा लांबलचक बोळ. कित्येक जहाजांवर त्याला अमेरिकेतल्या महामार्गाचं नाव देऊन 'आय-नाइन्टीफाइव्ह' म्हणतात. तिथून रोज चाल, आणि वेळ बदलून चाल. २०२४ मध्ये आलेल्या आयकॉन ऑफ द सीज जहाजावर प्रवासी आणि कर्मचारी मिळून जवळजवळ दहा हजार माणसं मावतात. एवढ्यांचा स्वयंपाक, सांडपाणी, ताप-खोकला, भांडणं रोजची. हॉटेल विभागाचा प्रमुख वेगळा, इंजिनाचा वेगळा, डॉक्टर वेगळा. पण शेवटचा शब्द कॅप्टनचा.

एकदा मुदपाकखान्याजवळच्या आग रोखणाऱ्या दाराखाली फडक्याची घडी कोंबलेली दिसली. दार उघडं राहावं म्हणून. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तीच घडी तिथेच. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा आजा आठवला: हा दगड जागचा हलत नाही. आग लागली की ब्रिजवरून कळ दाबून ही दारं बंद होतात. फडकं असेल तर दार अडकतं आणि धूर जिना चढतो. रागावलो असतो तर घडी एका दिवसापुरती गेली असती. मी तिथल्या पोराला विचारलं, "का रे कोंबतोस?" तो म्हणाला, "साहेब, दाराचं चुंबक धरत नाही, ट्रॉली नेताना दार अंगावर येतं." चुंबक दुरुस्त झालं, फडकं गेलं. दोष दिसला की आधी कारण विचार, मग नियम सांग.

हात हलवायला किनाऱ्याजवळ जाऊ नको

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीतल्या जिल्यो बेटाला सलामी द्यायला म्हणून फार जवळून गेलं, खडकाला घासलं आणि कलंडलं. ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या कितीतरी प्रवाशांचा आणीबाणीचा सराव तोवर झालेलाच नव्हता. तेव्हा त्यासाठी चोवीस तासांची सवलत होती. २०१५ पासून नियम असा की सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी झालाच पाहिजे.

सरावाच्या वेळी लोक कंटाळतात, फोटो काढतात, पळवाट काढतात. तू हसून, पण एकालाही सोडू नको. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हे लहान पोरालाही कळलं पाहिजे. आपल्याकडच्या रामदास बोटीची गोष्ट विसरू नको. १७ जुलै १९४७ ला ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि भर पावसाळी समुद्रात उलटली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, मुंबईला कळायलाच कित्येक तास गेले. घाबरलेली गर्दी एका बाजूला धावली की जहाज त्याच बाजूला झुकतं. गर्दीने कुठे उभं राहायचं हे गर्दी होण्याआधी शिकवायचं असतं.

झोप ही ड्यूटी समज

नियमाप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळायला हवी. कागदावर सगळ्यांचीच भरते. तू कागद बघू नको, तोंड बघ. आणि स्वतःही दुपारी दोन तास पडत जा. रात्री तू लागशील, दुपारी बाकीचे आहेत.

तोच प्रश्न, नवं उत्तर

संध्याकाळी पांढरा गणवेश घालून पाहुण्यांत बसावं लागतं. कोणीतरी विचारणारच, "तुम्ही इथे, मग जहाज कोण चालवतंय?" हा प्रश्न मला शेकडो वेळा आला असेल. विचारणाऱ्याची मात्र ती पहिलीच वेळ असते. सांग, की ब्रिजवर चोवीस तास अधिकारी पाळीवर असतात. हात मिळवण्याऐवजी नमस्कार कर. पोटाच्या साथी जहाजावर हातांवाटेच फिरतात, म्हणून पुष्कळ जहाजांवर कॅप्टन हात मिळवत नाहीत. ते मूठ टेकवतात. आपल्याला काही नवीन शिकावं लागत नाही.

झोपमोड करणाऱ्याचे आभार मान

निजण्याआधी कॅप्टन रात्रीच्या वहीत सूचना लिहितो आणि पाळीवरचे अधिकारी खाली सही करतात. शेवटचं वाक्य बहुतेक तेच: शंका आली तर मला उठवा. लिहायला सोपं आहे. मी थर्ड ऑफिसर असतानाची गोष्ट. कोकण किनाऱ्याने मुंबईकडे येत होतो, रात्रीचे सव्वाअकरा. उजव्या हाताला एक मिणमिणता दिवा, मासेमारी बोटीचा. होकायंत्रावर बावीस अंश. दोन मिनिटांनी बावीस. आणखी दोन मिनिटांनी बावीस. दिवा मात्र मोठा. मी घामाघूम, साहेबांना एवढ्याशा दिव्यासाठी उठवू कसा? शेवटी फोन केला. साहेब लुंगीवर आले, एक नजर टाकली, सुकाण्याला उजवीकडे घ्यायला सांगितलं. दिवा हळूहळू डाव्या हाताला सरकला. बोटीवरचा माणूस जाळं आवरत होता, त्याने वर पाहिलंही नाही. साहेब एवढंच म्हणाले, "उठवलंस ते बरं केलंस. सहा मिनिटं आधी उठवायचं."

त्यांनी एक शिवी हासडली असती तर पुढच्या वेळी मी उठवलंच नसतं. तू कॅप्टन झालीस की दहादा उगाच उठवतील. दहाही वेळा "बरं केलंस" म्हण. अकरावी वेळ खरी असते.

घरच्या फोनला कोन लाव

हे शेवटचं, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या वेळी पत्रं बंदरात एजंटाच्या थैलीतून मिळायची. माझी माय शेजारच्या मास्तरकडून लिहून घ्यायची: इकडे सर्व कुशल, काळजी नसावी. दर पत्रात तेच. एडनला तेच, सिंगापूरला तेच. मी वाचायचो, घडी करून ठेवायचो, बरं वाटायचं. समुद्रावर दिव्याचा कोन दर दोन मिनिटांनी पाहणारा मी, पण त्या ओळीचा कोन दोन वर्षं बदलला नाही हे मला दिसलं नाही. रजेवर आलो तेव्हा ती खाटेवरून उठत नव्हती.

तुझी आई माझी बहीण, त्याच मायची लेक. तीही फोनवर "सगळं बरं आहे" म्हणेल. तेवढ्यावर फोन ठेवू नको. विचार, विहिरीला पाणी कुठवर आलं? जिना चढून गच्चीवर कधी गेली होतीस? काल रात्री काय जेवलीस, कोणाच्या हातचं? ज्याला "बरं" हे उत्तर चालत नाही, असंच विचार.