राजगृह : ग्रंथांसाठी बांधलेले घर

गोकुळ रोडला घर बांधावयाचे म्हटले म्हणजे आपण आधी दिवाणखाना, देवघर व स्वयंपाकघर आखतो. पुस्तकांचे कपाट उरल्या कोपऱ्यात. मुंबईस दादरच्या हिंदू कॉलनीत एक घर उलट्या क्रमाने आखले गेले. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘राजगृह’.

परळच्या चाळीतील दोन खोल्यांत बाबासाहेबांनी अनेक वर्षे काढली. तेथे ग्रंथ मावेनात, म्हणून १९३०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी हे घर बांधविले. नाव दिले मगधाच्या प्राचीन राजधानीचे. आखणीत त्यांनी स्वतः लक्ष घातले : तळमजला कुटुंबास, वरचा मजला ग्रंथालयास. पुस्तकांचे ओझे घरच्या सामानाहून कितीतरी अधिक, हे वाचकांपैकी बांधकाम जाणणारे सांगतीलच.

या घराच्या गृहिणीचा आपल्या धारवाडशी ऋणानुबंध होता. रमाबाई काही दिवस बळवंतराव वराळे यांच्याकडे धारवाडास राहिल्या होत्या. तेथील वसतिगृहाच्या मुलांची उपासमार पाहून त्यांनी हातच्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, असे सांगतात. त्या माउलीस नव्या घराचे सुख फार दिवस लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले.

डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचा देह दिल्लीहून आणला, तोही येथेच. ग्रंथांचा मोठा भाग त्यांनी स्थापिलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेला. तळमजल्यावर त्यांच्या वस्तूंचे संग्रहालय आहे. मुंबईस जाणाऱ्यांनी दादरला पूर्वेकडे उतरावे. घर पायी जाण्याजोगे आहे.