खताची मात्रा व गाडीची ओढ : समीकरण मांडण्याची रीत

शेतीतील हिशेबात बेरीज-वजाबाकी चुकण्यापेक्षा एखादी बाब मांडावयाचीच राहून जाणे अधिक नुकसानकारक ठरते. बीजगणितातील समीकरण हा दोष टाळण्याचे सोपे साधन आहे. त्याच्या पायऱ्या चार आहेत. जे काढावयाचे त्यास ‘क्ष’ म्हणावे. ठाऊक असलेले आकडे एकाच मापात लिहावे. बेरजेत भर घालणारी प्रत्येक बाब समीकरणात मांडावी. आणि शेवटी ताळा पाहावा.

उदाहरण पहिले : समजा, माती-परीक्षणावरून एका पिकास एकरी ४६ किलो नत्र व २३ किलो स्फुरद द्यावयाचे आहे. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. डीएपी खतात शेकडा १८ भाग नत्र व ४६ भाग स्फुरद असते. तर दोन्ही खते किती लागतील?

स्फुरद केवळ डीएपीतून मिळते, म्हणून आरंभ तेथून करावा. डीएपी क्ष किलो मानू.

क्ष × ४६/१०० = २३
म्हणून क्ष = ५० किलो, म्हणजे एक गोणी.

या गोणीतून ९ किलो नत्रही मिळते. युरिया य किलो मानू.

९ + य × ४६/१०० = ४६
य × ४६/१०० = ३७
म्हणून य = सुमारे ८० किलो.

ताळा : ८० किलो युरियातील नत्र ३६.८ किलो व डीएपीतील ९ किलो, एकूण ४५.८ किलो. उत्तर बरोबर आहे. डीएपीतील ९ किलो नत्र मांडावयाचे राहिले असते, तर युरिया १०० किलो आला असता. जादा २० किलोंचा पैसा तर जातोच. शिवाय अधिक नत्राने पीक माजते, लोळते व किडींस बळी पडते. युरिया एकदम न देता शिफारशीप्रमाणे हप्त्यांनी द्यावा.

उदाहरण दुसरे : गाडीचे वजन ३०० किलो असून तीत ५० किलोची १४ पोती आहेत. वाटेत लांब चढ असून तो २० मीटर अंतरास १ मीटर चढतो. बैलजोडीचे वजन ८०० किलो आहे. किती पोती उतरवावीत?

सलग कामात बैलजोडी आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे येथे ८० किलोग्रॅम-भार ओढ देते, असे धरू. कच्च्या रस्त्यावर चाकांचा विरोध एकूण वजनाच्या शेकडा ४ मानू. चढावर गुरुत्वाकर्षणामुळे आणखी विसावा हिस्सा, म्हणजे शेकडा ५, ओढ लागते. दोन्ही बले गाडीस मागे खेचतात. म्हणून एकूण शेकडा ९.

भरलेल्या गाडीचे वजन १,००० किलो. उतरवावयाची पोती क्ष मानू.

(१,००० − ५०क्ष) × ९/१०० = ८०
९० − ४.५क्ष = ८०
म्हणून क्ष = सुमारे २.२

पोते अर्धेमुर्धे उतरवता येत नाही. ताळा : दोन पोती उतरविल्यास ८१ किलोग्रॅम-भार ओढ लागते, तीन उतरविल्यास ७६.५. म्हणून तीन पोती उतरवावीत. केवळ सपाटीचा विचार केला, तर ४० किलोग्रॅम-भार पुरेसा वाटतो. परंतु चढावर तीच गाडी बैलांच्या खांद्यास व छातीस जड जाते.

दोन्ही उदाहरणांत आकडेमोड किरकोळ आहे. महत्त्व आहे ते सर्व बाबी मांडण्यास. शेतकरी बंधूंनी आपल्या शेताचे व बैलांचे आकडे घालून ही उदाहरणे स्वतः सोडवून पाहावीत.