दोष लाईटीचा नव्हता

पासलीला लाईट जाते. पावसाळ्यात जास्तच जाते, कधी रात्रभर जाते. तोरण्याच्या मागच्या अंगाला राहणाऱ्या माणसाला हे पुण्यात बसलेल्या कुणी समजावून सांगायची गरज नाही. म्हणून तर कॉम्प्युटरचं नवं मशीन घरी येण्याआधी मी अर्थिंग नवं करून घेतलं होतं, यूपीएस आणला होता. तरीही मशीन बंद पडायला लागल्यावर दुकानदाराने एकच पालुपद धरलं, "ताई, गावाला लाईट वर-खाली होते, त्याला मशीन काय करणार?" या एका वाक्यावर माझा अख्खा लग्नसराईचा हंगाम गेला. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांनी कुणाकडून तरी मशीन 'ट्यून' करून घेतलंय किंवा घेणार आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

माझं काम लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्याचं. वेल्हे, नसरापूर, भोरकडचे फोटोग्राफर हार्ड डिस्क आणून देतात, मी कापून-जोडून, रंग करून परत देते. दुकानात मी एकच मागणी ठेवली होती : रेंडर मध्येच पडता कामा नये. वेग मी मागितलाच नव्हता. मशीन ठरलं ते रायझन ५ ५६००एक्स आणि बत्तीस जीबी रॅम. त्यावर तो म्हणाला, "ट्यून करून देतो, पंचवीस टक्के जास्त पळेल आणि एकदम स्टेबल." त्याचे वेगळे पैसे लावले, बिलावर 'परफॉर्मन्स ट्यूनिंग' एवढंच लिहिलं. काय बदललं, किती बदललं, एक अक्षर नाही. एसी लावलेल्या दुकानात सिनेबेंचची दहा मिनिटांची फेरी चालवली, आलेला आकडा दाखवला आणि मशीन खोक्यात भरलं.

त्या पंचवीस टक्क्यांचा हिशेब आधी सांगते, कारण लोक इथेच फसतात. या प्रोसेसरची मूळ गती ३.७ गिगाहर्ट्झ. त्याने सहाही कोर ४.७ वर बांधले होते. कागदावर सत्तावीस टक्के वाढ. पण हा प्रोसेसर कधीच ३.७ वर रेंगाळत नाही. थंडावा आणि वीज पुरेशी असली की तो स्वतःच वर चढतो, एकेका कोरवर ४.६ पर्यंत जातो. म्हणजे प्रत्यक्षात हाती लागते ती जेमतेम चिमूटभर वाढ. तेवढ्यासाठी कंपनीने ठेवलेली सगळी मोकळीक खाऊन टाकलेली असते. दुकानदार नेहमी खालच्या आकड्यापासून मोजतात, हे लक्षात ठेवा.

आधी निळी स्क्रीन यायची, तीही रेंडर संपत आल्यावर. पुढे त्याहून वाईट झालं : रेंडर पूर्ण व्हायचा, पण चित्रात हिरवे पट्टे उमटायचे. एका लग्नात नेमका अंतरपाट धरलेला असताना. मुलीच्या वडिलांनी फोन करून विचारलं, "बाई, हे काय केलंत?" त्यांना मी काय सांगणार होते? मूळ फुटेज कॅमेऱ्याच्या कार्डावर शाबूत होतं म्हणून ते लग्न वाचलं.

कॅबिनेट प्लास्टिकमध्ये गुंडाळून, भावाला सोबत घेऊन, वेल्ह्याहून एसटीने मी ते पुण्याला नेलं. दुकानदाराने पुन्हा तीच दहा मिनिटांची फेरी लावली. मशीन टिकलं. "बघा, आमच्याकडे चालतंय," म्हणाला. आणि हे तो माझ्याकडे बघून म्हणाला नाही. माझ्या भावाकडे बघून म्हणाला, ज्याचा या कामाशी काडीचाही संबंध नाही. मी बायोसमध्ये काय ठेवलंय असं विचारलं, तर उत्तर भावाला : "ते टेक्निकल असतं, तुम्ही फक्त एक चांगला स्टॅबिलायझर घ्या." स्टॅबिलायझरही त्याच्याच फळीवर होता. आम्ही तो घेतला. मशीन पडायचं ते पडतच राहिलं.

खरं काय ते विंडोजनेच लिहून ठेवलं होतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टीमचा लॉग बघा. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं की तिथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद पडते. नावात पॉवर आहे म्हणून सगळे, माझा दुकानदारसुद्धा, बोट विजेकडे दाखवतात. पण त्या नोंदीच्या तपशिलात 'बगचेककोड' नावाची एक ओळ असते. वीज तुटून मशीन गेलं असेल, तर तिथे शून्य येतं, कारण विंडोजला काही नोंदवायला वेळच मिळालेला नसतो. माझ्याकडे शून्य नव्हतं. २९२ होतं. हेक्साडेसिमलमध्ये तो आकडा होतो १२४, आणि त्याचा अर्थ असा, की प्रोसेसर किंवा त्याच्या आसपासच्या हार्डवेअरने न सुधारता येणारी चूक कळवली. त्याच्या आधीच्या ओळींमध्ये 'व्हीआ-लॉगर १९' च्या नोंदींची रांग होती : सुधारलेल्या हार्डवेअर-चुका, एकामागून एक, मशीन पडण्याच्या कितीतरी आधीपासूनच्या. लाईट चालू, यूपीएस चालू, आणि आत प्रोसेसर अडखळत होता. त्या रात्री मी बराच वेळ ती एकच ओळ पाहत बसले. इतके दिवस महावितरणला आणि आमच्या गावाला शिव्या खायला लावणाऱ्या माणसाला ही ओळ एका मिनिटात दिसली असती. त्याने ती उघडलीच नाही.

मग बायोस उघडलं. प्रोसेसरला १.४ व्होल्ट कायमचा बांधलेला. रॅम ३८०० वर आणि तिच्याबरोबर प्रोसेसरच्या आतली जोडणी, म्हणजे इन्फिनिटी फॅब्रिक, १९०० वर. या पिढीत बहुतेक प्रोसेसर १८०० सहज पेलतात, १९०० अनेकांना झेपत नाही, आणि झेपत नसलं की नेमक्या त्या १९ नंबरच्या नोंदी पडतात. प्रोसेसर बनवणारी एएमडी स्वतः दोन स्टिकना ३२०० पर्यंतच हमी देते, चार लावल्या की तोही आकडा खाली येतो. माझ्याकडे चार होत्या, वर दोन एका कंपनीच्या आणि दोन दुसरीच्या. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ घेऊन मशीन त्यावर सुरू केलं आणि पडदा लाल ओळींनी भरला. बायोसमध्ये 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' केलं, पुन्हा तीच चाचणी रात्रभर लावली. तेच घर, तीच लाईन, तोच पाऊस. एकही लाल ओळ नाही.

आता तुमच्यासाठी.

प्रोसेसर आणि रॅम एकाच वेळी कधीही वाढवू नका. चूक कुणाची ते कळतच नाही. आधी प्रोसेसर मूळ सेटिंगवर ठेवून फक्त रॅम, ती रात्रभर पार पडली की मग प्रोसेसर. एक चूक म्हणजे नापास. 'एकच तर आली' असं म्हणणाऱ्याच्या हातात आपलं काम देऊ नका. मेमटेस्टनंतर विंडोजमध्ये प्राइम९५ ची लार्ज एफएफटी चाचणी किंवा ओसीसीटी काही तास चालवा. सिनेबेंच वेग मोजतं, भरवसा मोजत नाही.

रॅम घेताना एकाच पाकिटातला जोड घ्या. बत्तीस हवी असेल तर सोळाच्या दोन. आठच्या दोन जोड्या एकत्र केल्या, अगदी एकाच कंपनीच्या असल्या, तरी त्या एकत्र तपासलेल्या नसतात. डीडीआर४ रॅमच्या खोक्यावरचा ३६०० हा आकडासुद्धा ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे हमीपलीकडची गती, असतो. खोक्यावरची ती गती लागू करणारं एक्सएमपी सुरू केल्यावर व्होल्टेज १.२ वरून बहुधा १.३५ होतं.

प्रोसेसरला हात लावायचाच असेल, तर गती बांधून टाकण्यापेक्षा एएमडीचं पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा. पण त्यात उणे आकडा फार वाढवला, तर मशीन भर कामात टिकतं आणि रिकामं बसलेलं असताना पडतं. हे फार दिशाभूल करतं.

फाइल कॉपी झाली म्हणजे ती बरोबर झाली असं समजू नका. विंडोजमधल्या सर्टयुटिलने मूळ आणि कॉपी, दोन्हीकडचा हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, काढून जुळवा. माझ्याकडे एकाच फाइलचे दोन वेगळे हॅश आले, तेव्हा मेमरीवर पहिला संशय आला होता. हॅश जुळेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड कधीही पुसू नका.

बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बायोस अपडेट केलं की सगळं पुसलं जातं. आणि विजेचीही काळजी घ्याच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, ग्राफिक्स कार्ड असेल तर तो अपुरा पडतो.

जगात मोठमोठ्यांच्याही चुका झाल्या. २०२३ मध्ये काही बोर्डांवर रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाले, तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होऊ लागले, तर कंपनीने मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कुणीही गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव पुढे केलं नाही. इथे वॉरंटीचं उलट आहे : ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान प्रोसेसरच्या वॉरंटीत बसत नाही. म्हणजे सेटिंग दुकानदाराने बदलायची आणि भुर्दंड आपल्याला. म्हणून कुणी ट्यून करून देतो म्हणाला, तर गती, व्होल्टेज, रॅमचा आकडा आणि 'नुकसान झाल्यास जबाबदारी आमची' हे चारही बिलावर लिहून घ्या. नाही म्हणाला तर मशीन मूळ सेटिंगवरच मागा. फसवणूक झालीच असेल, तर लॉगचे आणि बायोसचे फोटो जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बायांनो, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाच मिळालं पाहिजे. सोबतच्या पुरुषाला मिळत असेल, तर तिथून उठून या.

माझं मशीन आज प्रोसेसर मूळ सेटिंगवर आणि रॅम ३२०० वर चालतं, आणि एकही रेंडर पडलेला नाही. ट्यूनिंगचे पैसे मात्र त्याने अजून परत केलेले नाहीत.