दायमाबादची काशाची गाडी



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आधी नगरचा भुईकोट किल्ला उभा राहतो. मग चांदबिबी आठवते. मलिक अहमदने नगर शहर वसवले. १९४२ साली इंग्रजांनी पंडित नेहरूंना त्याच किल्ल्यात कैदेत ठेवले आणि तिथे त्यांनी मोठे पुस्तक लिहिले. हे सगळे आपल्याला माहीत आहे. पण याहून पुष्कळ पुष्कळ जुनी गोष्ट आपल्याच जिल्ह्यात मातीखालून निघाली, ती फार थोड्यांना ठाऊक आहे. आमच्या घरी तर कुणालाच ठाऊक नव्हती. ती मला शाळेच्या संगणकावर विकिपीडिया वाचताना सापडली.

विकिपीडिया म्हणजे संगणकावरचा ज्ञानकोश. मराठीतला विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला. त्यातले काही शब्द निळे असतात. निळ्या शब्दावर टिचकी मारली की दुसरा लेख उघडतो. त्यातही निळे शब्द असतातच. मी चांदबिबी महालापासून निघाले. सहलीला आपण ज्या डोंगरावर डबे खाल्ले तो महाल चांदबिबीचा नाहीच मुळी! ती सलाबतखान नावाच्या निजामशाही वजिराची कबर आहे. आमच्या आबांना सांगितले तर ते म्हणाले, "असं कसं गं? आम्ही तर जलमापास्नं चांदबिबीचाच म्हाल म्हणतो." म्हणा बापडे. पण कबर सलाबतखानाची आहे हे खरे. तिथून मी अहिल्यानगर जिल्ह्यावर गेले, तिथून श्रीरामपूर तालुका, मग प्रवरा नदी आणि मग दायमाबाद.

गुरुजी म्हणाले, "विकिपीडियात कुणीही लिहू शकतं. म्हणून दुसरीकडे ताडून बघ." मग त्यांनी मराठी विश्वकोश उघडून दिला. तो वाईला तयार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते. त्याचे जाड जाड खंड आहेत, पण आता तो संगणकावर फुकट वाचता येतो. त्यातली भाषा जड आहे. एकेक ओळ मला दोनदा वाचावी लागली.

आता दायमाबादची गोष्ट सांगते.

दायमाबाद हे प्रवरेच्या डाव्या तीरावरचे ओसाड ठिकाण आहे. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल नावाचे शेतकरी तिथे एका झुडपाच्या बुडाशी खणत होते. खणता खणता काय लागले? एक रथ, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा! सगळे काशाचे, भरीव ओतलेले. चारही मिळून वजन ६० किलोंहून जास्त. म्हणजे आपली ५० किलोंची गव्हाची गोणी असते ना, तिच्याहूनही जड.

रथ मला सगळ्यांत आवडला. तो ४५ सेंटिमीटर लांब आहे, दीड पट्टी म्हणा. त्याला दोन बैल जुंपलेले आहेत. मागे एक माणूस उभा आहे, तो १६ सेंटिमीटर उंच. आणि गंमत म्हणजे रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. आमचा मोत्या बैलगाडीच्या पुढे पळतो, पण दांडीवर नाही चढत. गेंडा आणि रेडा हेसुद्धा चाकांवर उभे आहेत. पोळ्याला आपण मातीचे बैल करतो, तसे हे त्या लोकांचे असतील का, असे मला वाटले. पण एवढे जड खेळणे पोरांना कोण देईल? ते पूजेचे किंवा मिरवणुकीचे असावे. गेंडा तर आपल्या भागात नाहीच, तो बघायचा तर आसामला जावे लागते. तरी ज्याने हा ओतला त्याला गेंडा कसा दिसतो ते नीट ठाऊक होते.

दायमाबादला जुने गाव आहे हे त्याच्या आधीच कळले होते. बोपर्डीकर यांनी १९५८ साली ती जागा शोधली. मग तिथे तीन वेळा उत्खनन झाले. पहिले देशपांडे यांनी केले, १९७४ साली राव यांनी, आणि त्यानंतर १९७९ पर्यंत साळी यांनी. एकावर एक अशा पाच वस्त्या निघाल्या. टोपल्यात भाकरीची चवड असते तशा. सगळ्यांत खालची भाकरी सगळ्यांत आधी थापलेली असते, तशीच सगळ्यांत खालची वस्ती सगळ्यांत जुनी. ती चार हजार वर्षांपूर्वीची आहे. दुसऱ्या वस्तीत हडप्पाच्या लोकांच्या खुणा निघाल्या. त्यांची लिपी कोरलेल्या मातीच्या मुद्राही मिळाल्या. हडप्पा आज पाकिस्तानात आहे. तिथली लिपी आणि आपली प्रवरा!

पण मग काशाची गाडी कोणत्या वस्तीतली? इथे मोठ्या मोठ्या विद्वानांचे एकमत नाही. बरेच जण म्हणतात की ती हडप्पाच्या शेवटच्या काळातली. काही म्हणतात की त्या काशात सोमल आहे, त्या काळच्या दुसऱ्या वस्तूंत तसा नाही, म्हणून ती नंतरची असेल. मी गुरुजींना विचारले, "हे भांडण मिटत का नाही?" गुरुजींनी फळ्यावर थर काढून दाखवले. वस्तू कोणत्या थरात होती, तिच्या शेजारी कोणते खापर होते, कोणती राख होती, त्यावरून तिचे वय ठरते. ही गाडी उत्खननात निघालीच नाही. ती आधीच खणून बाहेर आली होती. छबू भिल्ल यांचा त्यात काहीच दोष नाही, ते आपले काम करीत होते. उलट त्यांच्यामुळेच आपल्याला हे मिळाले. मला तर याचे फार बरे वाटले की राजाचे नाही, सरदाराचे नाही, आपल्यासारख्या खेड्यातल्या माणसाचे नाव ज्ञानकोशात छापले गेले.

दायमाबादवरून निळ्या शब्दाने जोर्वे गाव लागते. हे आपल्या संगमनेर तालुक्यात. तिथे १९५०-५१ साली डॉ. सांकलिया आणि देव यांनी खणले. तिथली मडकी तांबडी, त्यावर काळ्या रेघा आणि नक्षी. काही भांड्यांना लांब तोटी. या मडक्यांवरून महाराष्ट्रातल्या त्या काळच्या लोकांना 'जोर्वे संस्कृती' हेच नाव पडले. तो काळ सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. एवढेसे गाव आणि त्याचे नाव केवढे झाले!

नेवासेसुद्धा त्यात आहे. नेवासे म्हणजे ज्ञानेश्वरी सांगितली ते ठिकाण, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच नेवाशात खाली जोर्व्याच्या काळची घरे होती. त्या काळी लहान मूल वारले की त्याला घराच्या जमिनीखालीच पुरत. दोन मडकी घेत आणि तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, मूल त्यांच्या आत. नेवाशाला अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. तिच्यात कापूस आणि रेशमाचा दोरासुद्धा शिल्लक होता. हे वाचून आई म्हणाली, "लांब टाकवलं नसंल गं माउलीला." मग ती बराच वेळ बोलली नाही.

आता आपल्या गावाचे. आपल्या गावाचा लेख मी विकिपीडियावर पाहिला. दोनच ओळी आहेत, तालुका अमुक आणि जिल्हा अमुक. पण ओढ्याच्या कडेला पांढरी आहे ती सगळ्यांनी पाहिली आहे. जिथे शेती ती काळी आणि जिथे जुनी वस्ती ती पांढरी. पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण असे वर्षानुवर्षे साठून ती माती पांढुरकी होते. ती धाब्यावर टाकली की पाणी गळत नाही आणि शेतात टाकली की पीक जोमात येते. म्हणून आपले लोक ती पूर्वीपासून नेतात. आबा पाटीने आणीत. आता ट्रॅक्टर लागतो. मी पहिलीत होते तेव्हा ते टेकाड माझ्या मानाने डोंगराएवढे होते. या दिवाळीत मी त्याच्यावर चार ढांगांत चढले. मी मोठी झाले म्हणून थोडे, पण टेकाड खाली आले म्हणून जास्त. थरावर थर असले तरी ट्रॅक्टरच्या डब्यात सगळे एकच होतात.

गुरुजींनी आणखी एक सांगितले. १८७८ सालचा कायदा आहे. जमिनीत पुरलेली १० रुपयांहून जास्त किमतीची जुनी चीज सापडली तर कलेक्टरला कळवावे लागते. १० रुपयांत आता दोन चांगली पेने येत नाहीत, पण कायदा कायदाच. नाणे, मूर्ती, तांब्याची वस्तू काही लागले तर लपवू नये, मोडीत घालू नये. तलाठ्याला किंवा गुरुजींना सांगावे. खणणेही तिथेच थांबवावे.

मला त्या पांढरीत एक खापर मिळाले. ते वरच पडलेले होते, मी खणले नाही. ते तांबडे आहे आणि त्यावर काळ्या दोन रेघा आहेत. ते जोर्व्याचे आहे असे मी म्हणत नाही. आजीच्या फुटक्या माठाचेही निघेल. गुरुजींनी त्याचा फोटो काढला आहे आणि कुठे मिळाले ती जागा कागदावर लिहिली आहे. जाणकार माणसाला ते दाखवणार आहेत.

खापर ऑफिसातल्या कपाटावर खडूच्या पेटीत ठेवले आहे. पालकांनी जाताना पाहून जावे. हातात घेतले तरी चालेल, पण पाडू नये. आणि येत्या आठवड्यात ज्यांचा ट्रॅक्टर पांढरीवर जाणार असेल त्यांनी कृपा करून आधी गुरुजींना भेटावे.