बदलाची नोंद आणि दुसऱ्याची नजर

गावातील जमिनीच्या हक्कात बदल झाला की त्याची फेरफार नोंद होते, संबंधितांना नोटीस दिली जाते आणि अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच ती नोंद कायम होते. संगणकाची आज्ञावली जेथे अनेकजण मिळून लिहितात, तेथेही अशाच शिस्तीची आवश्यकता असते.

'लिनक्स' ही आज्ञावली याचे ठळक उदाहरण होय. हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली तिचा आरंभ केला. पुढे देशोदेशींचे हजारो लोक तिच्यात भर घालू लागले. बदलांची नोंद ठेवण्याचे जे साधन तेथे वापरात होते, त्याच्या विनामूल्य वापराची सवलत २००५ मध्ये संपली. तेव्हा टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी एप्रिल महिन्यात 'गिट' हे नवे साधन तयार केले.

गिटमध्ये प्रत्येक बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला आणि कोणत्या ओळी काढल्या वा घातल्या, हे नोंदले जाते. प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून ४० अक्षरांकांची खूण मिळते व तीत मागील नोंदीची खूणही गुंफलेली असते. त्यामुळे जुनी नोंद गुपचूप बदलल्यास पुढील सर्व खुणा बदलतात व लबाडी उघड होते. दोष कोणत्या बदलामुळे शिरला हे शोधताना नोंदींचे निम्मे निम्मे भाग तपासत गेल्यास १,०२४ बदलांतून दोषी बदल केवळ १० चाचण्यांत सापडतो.

तथापि नोंद म्हणजे तपासणी नव्हे. लिनक्समध्ये पाठविलेला बदल इतर जाणकार ओळीओळीने वाचतात, हरकती घेतात. दुरुस्तीनंतरच त्या विभागाचा प्रमुख तो स्वीकारतो.

ही नजर चुकली तर काय होते, हे 'ओपनएसएसएल' या दुसऱ्या आज्ञावलीने दाखवून दिले. इंटरनेटवरील गुप्त मजकूर सुरक्षित राखणे हे तिचे काम. २०११च्या अखेरीस तीत झालेल्या एका बदलात, आलेल्या मजकुराची सांगितलेली लांबी खरी आहे काय, हे पडताळणे राहून गेले. तपासणाऱ्याच्याही ते लक्षात आले नाही. एप्रिल २०१४ मध्ये दोष उघडकीस येईपर्यंत असंख्य लोकांचे परवलीचे शब्द धोक्यात होते. चूक कोणत्या बदलात झाली हे नोंदींनी सांगितले. परंतु ती टाळणे नोंदींच्या हाती नव्हते.

दप्तर चूक दाखविते. ती थोपविते ती दुसऱ्या माणसाची सावध नजर. म्हणूनच हरकत घेणाऱ्यास विरोधक न मानता सहकारी मानणे, यातच सामुदायिक कार्याचे हित आहे.