ट्रॅक्टरच्या ऑइल चेंबरचे झिजलेले आटे व त्यांची दुरुस्ती

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय किंवा घाटाखाली काय, सोयाबीन व कपाशीच्या पेरणीची घाई मृगाच्या पावसाबरोबर सुरू होते. त्या वेळी ट्रॅक्टर चार दिवस जरी उभा राहिला तरी वाफसा निघून जातो व नुकसान पुढे सर्व हंगामभर भोगावे लागते. महिंद्र कंपनीने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने १९६३ साली बी-२७५ हा ट्रॅक्टर आपल्या देशात आणला. अशा जुन्या जातींची यंत्रे बाळगणाऱ्या शेतकऱ्यांनी वरून क्षुल्लक दिसणाऱ्या एका दोषाकडे अवश्य लक्ष पुरविले पाहिजे. तो दोष म्हणजे ऑइल काढण्याच्या छिद्राचे आटे झिजणे हा होय.

दोष कसा उत्पन्न होतो ?

इंजिनच्या तळाशी असलेल्या चेंबरला ऑइल काढण्यासाठी एक छिद्र असते व ते ड्रेन नटाने बंद केलेले असते. दर वेळी ऑइल बदलताना हा नट काढावा व बसवावा लागतो. थोडे ऑइल झिरपू लागले म्हणजे पुष्कळ लोक लांब दांड्याचा पाना लावून नट जोराने आवळतात. वास्तविक दोष बहुधा जुन्या वॉशरचा असतो. परंतु शिक्षा मात्र आट्यांना होते. नट वाकडा धरून पान्याने सुरू केल्यानेही आटे कापले जातात. नट पोलादाचा व चेंबर ॲल्युमिनियमचे असल्यास चेंबरचे आटे प्रथम जातात.

असा नट नांगरणी करताना हादऱ्याने निसटला तर थोड्याच वेळात सर्व ऑइल गळून जाते. वंगणावाचून बेअरिंगे जळतात व क्रँकही खराब होतो. एका नटाच्या हयगयीपायी सबंध इंजिन उघडावे लागते.

प्रथम परीक्षा करावी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन बंद करावे व चाकांना उटी लावावी. ऑइल कोमट असताना स्वच्छ भांड्यात काढावे. अति गरम ऑइलाने हात भाजतो. नंतर नट व छिद्र दोन्ही पुसून पाहावीत. झीज केवळ नटाची असेल तर त्याच मापाचा नवा नट बसविल्याने काम भागते. नवा नट विकत घेताना जुना नट सोबत न्यावा. काही जुन्या यंत्रांत इंची मापाचे आटे असतात. त्यांत मिलिमीटर मापाचा नट दामटल्यास उरलेले आटेही जातात. योग्य नट हाताने सहज फिरत आत जातो, हीच त्याची खूण.

दुरुस्तीच्या रीती

१. पहिले दोन-तीन आटेच दबले असतील तर त्याच मापाचा टॅप हलक्या हाताने फिरवून ते साफ करावेत.

२. सर्व आटे गेले असतील व छिद्राभोवती धातू पुरेशी जाड असेल तर छिद्र मोठे करून नवे आटे पाडावेत. उदाहरणार्थ, १४ मि.मी. व १.५ मि.मी. अंतराचे आटे गेले असता १४.५ मि.मी. ड्रिल मारून १६ मि.मी. व १.५ मि.मी. अंतराचा टॅप चालवावा. टॅप सरळ धरावा, अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे असा फिरवावा.

३. मूळ मापच ठेवावयाचे असेल तर कुशल टर्नरकडून आटेदार बुश किंवा तारेच्या वेटोळ्याचा आटा बसवून घ्यावा. ही रीत खर्चाची, पण टिकाऊ आहे.

४. पातळ पत्र्याच्या चेंबरला आतून नट जोडलेला असतो. तेथे चेंबर खाली उतरवूनच वेल्डिंग करून घ्यावे.

किसाविषयी विशेष दक्षता

ड्रिल व टॅपच्या खाचांना ग्रीस लावावे, म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येतो. तरीही काही कीस आत राहतो. ऑइल पंप हा फिल्टरच्या आधी असल्याने तो कीस पंपात जाऊन त्याला ओरखडे पाडतो. म्हणून शक्य तर चेंबर उतरवूनच हे काम करावे व ते धुऊन घ्यावे. ते शक्य नसल्यास नट न लावता वरून थोडे स्वच्छ ऑइल ओतून ते वाहू द्यावे, व बाहेर येणारे ऑइल निर्मळ दिसेपर्यंत पुन्हा ओतावे.

शेवटी तांब्याचा नवा वॉशर घालून नट हाताने सुरू करावा व आखूड पान्याने बेताने आवळावा. ऑइल भरून इंजिन पाच मिनिटे मंद चालवावे, गळती पाहावी व बंद केल्यावर पातळी पुन्हा तपासावी.

हे करू नये

नटाला सुतळी किंवा प्लॅस्टिकची फीत गुंडाळू नये. तिचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात. नट वेल्डिंगने कायमचा बंद करणे तर सर्वथा अयोग्य. मग ऑइल बदलणेच बंद पडते. काढलेले काळे ऑइल विहिरीजवळ वा नाल्यात ओतू नये. पैनगंगा आपल्याच जिल्ह्यात उगम पावते. नाल्यात गेलेले ऑइल पुढे नदीलाच मिळते. ते डब्यात साठवून मान्यताप्राप्त पुनर्वापर केंद्राकडे द्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यातच गावातील ट्रॅक्टरधारकांना एकत्र बोलावून एका यंत्रावर ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. वैशाखात बदललेला एक वॉशर ज्येष्ठातील पेरणी वाचवू शकतो, हे शेतकरी बंधूंनी ध्यानी ठेवावे.